स्पेलिंग

म्हापशात, कोर्टामागच्या गल्लीत माझं टेबल.
आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप.
सत्तावीस वर्षं एकच वाक्य लिहितो आहे:
हा इसम आणि तो इसम एकच.

इगर्जीच्या वहीत कायतान 'ई'नं,
शाळेच्या दाखल्यावर 'आय'नं.
एका अक्षरावर युरोप अडलेला.
मी प्रतिज्ञापत्र केलं, दोनशे रुपये घेतले,
एकसष्टच्या आधी जन्मलेला त्याचा बाप
लिस्बनच्या दप्तरात नव्यानं जन्माला घातला,
आणि शापोऱ्याचा तांडेल
स्विंडनच्या गोदामात रात्रपाळीला लागला.
लिस्बन त्यानं अजून पाहिलेलं नाही.

ट्रॉलर इथेच राहिला.
मालकिणीनं गंजामहून माणसं आणली.
बिरंची आता सुकाणू धरतो.
खडक कुठे ते यंत्र सांगतं त्याला,
बांगडा कुठे वळतो ते कायतान सांगतो,
पहाटे, फोनवर, तिकडे खोकी चिकटवता चिकटवता,
दोघांनाही धड न येणाऱ्या हिंदीत.

शिवोलीत रंगवलेली बंद घरं.
अकरा घरांच्या किल्ल्या फकिराप्पाच्या बायकोकडे.
ती कुलुपांना तेल घालते,
फर्नांडिसांच्या अबोलीला पाणी घालते,
आणि स्वतः राहते पत्र्याखाली.

मग इंग्लंडनं सोयरीक मोडली.
कायतान आत राहून गेला.
धाकटा मिंगेल फाईल काखेत मारून आला:
"दादा, डब्लिन अजून भितर आसा मरे?"
मी मोबाईलवर नकाशा उघडला.
माझ्या धंद्यात तारखा होत्या,
भूगोल कधी लागलाच नव्हता.

परवा बिरंची आला.
आधारवर नाहक, बोटीच्या कार्डावर नायक.
कार्ड जुळल्याशिवाय समुद्रात सोडत नाहीत.
मी तेच वाक्य लिहिलं.
दोनशेच घेतले. नंतर वाटलं,
शंभर चालले असते.

संध्याकाळच्या बसनं मी बांद्याला परततो.
पत्रादेवीला आता मला कुणी उठवत नाही,
झोपेतच हद्द सरते.

काल जेवताना मुलानं विचारलं,
बाबा, आपला आजा कुठे जन्मला?
म्हटलं, इथेच, बांद्यात.
त्यानं फोनवर अंतर मोजलं. पाच किलोमीटर.
"थोडक्यात हुकलं," म्हणाला,
डबा घेतला
आणि मोपाच्या विमानतळावर
ट्रॉल्या ढकलायला गेला.