एक कमी

निफाडला आज चार पॉइंट दोन.
पेपरात द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचा फोटो.
आणि तिथे, पृथ्वीच्या पार बुडाशी,
टॅब्लेटच्या कोपऱ्यात आकडा येतो, अधिक पाच.
"तुझे पेंग्विन इकडे आले
तर तेच स्वेटर मागतील," म्हणत
हे कूस बदलतात.

टॅब्लेट सुमेधने लावून दिलाय, बहिणीच्या मुलाने.
मी तो पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवते.
खडकात रोवलेला कॅमेरा आहे, एकटाच,
दर अर्ध्या तासाला एक फोटो पाठवतो.
मधल्या वेळात जे होतं
ते त्यांचं त्यांच्यात.

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
उंच भिंतीआड, ओल्या शाईच्या वासात,
स्पंजवर बोट टेकवत, शीटमागून शीट.
डोळ्याला एवढंच शिकवलेलं,
सगळं सारखं दिसलं पाहिजे.
नंबर सरकलेला, रंग फुटलेला, कोपरा दुमडलेला,
काढा बाजूला.

त्याच डोळ्याने हे बघायला बसले.
पहिल्या दिवशी वाटलं, एकाच प्लेटवरून छापलेत.
आठवड्यात कळलं,
सगळाच्या सगळा माल रिजेक्ट.
एकाचा पांढरा पट्टा डोळ्यावर ओघळलेला,
एक कायम वाऱ्याकडे पाठ करून,
आणि दुसऱ्या ओळीतली ती
(ती म्हणजे, मी ठरवलं म्हणून ती)
शेजारणीचा खडा चोचीत धरून
इतक्या साळसूदपणे चालते
की गेटवरच्या झडतीतूनही सुटली असती.

आज रात्री एक वाजता
तिसऱ्या ओळीत, डावीकडून पाचवं घरटं,
आई जरा उभी राहिली होती,
खाली दोन अंडी.
दीडच्या फोटोत एक.
वर आभाळात करडा ठिपका,
काचेवरची धूळ म्हणावी तर धूळ.

मी दोनदा मोजलं.
चष्मा पदराला पुसून तिसऱ्यांदा.

चौऱ्याण्णव साली एक शीट कमी भरलं होतं.
भोंगा झाला तरी कुणी हललं नाही.
घुगेसाहेबांनी दार लावून घेतलं,
रद्दीची पोती पालथी केली,
आम्ही बायका साड्या खोचून
मशीनखालची फरशी हातांनी चाचपत होतो.
हे बाहेर लुनावर बसलेले,
कानाला मफलर, तोंड गेटकडे,
आत काय चाललंय याचा पत्ता नाही.
पावणेबाराला सापडलं,
दोन शीटांच्या मध्ये चिकटून बसलेलं, शहाणं.
साहेब खाली बसले आणि थोडे रडले.
एक कमी असताना कुणी घरी जायचं नाही,
असा नियम होता.
तेव्हा जाच वाटायचा.

इथे कुणी दार लावलं नाही.
दोनच्या फोटोत चोरटी पुन्हा खडा नेतेय.
अडीचच्या फोटोत बर्फ भुरभुरतंय.
तीनच्या फोटोत पाचव्या घरट्यातली आई
मान वाकवून
एक खडा इकडचा तिकडे ठेवतेय,
बाकी सगळं कामकाज सुरळीत.

हे पाण्याला उठले.
"झोपली नाहीस?"
म्हटलं, टॅली लागत नाहीये.
त्यांनी काही विचारलं नाही.
अंगावरची शाल काढून माझ्या पायांवर टाकली,
स्टूल ओढलं
आणि बसले,
लुनावर बसायचे तसे, एक पाय जमिनीला टेकवून.

साडेतीनच्या फोटोला अजून
अकरा मिनिटं.