अर्धेली

तांबडी खुडूक झाली.
पिसं फुलवून बसली तुरीच्या कुटारात,
हात नेला की टोचायची,
कण्या टाकल्या तरी बघायची नाही.
मग टोपल्यात तळाला राख, राखेवर कुटार,
त्यावर अकरा अंडी
आणि कडेला एक गंजका खिळा,
विजा कडाडल्या तर अंडी नासू नयेत म्हणून.
माघात कुठल्या विजा?
तरी ठेवला. आईनं ठेवला असता.

सातव्या रात्री दिवे मालवून
प्रज्योतच्या मोबाईलच्या उजेडावर
एकेक अंडं धरलं मुठीच्या भोकात.
पहिलं कोरं. नुसता पिवळा उजेड,
सुट्टीत शाळेत चुकून राहिलेल्या बल्बसारखा.
दुसऱ्यात लाल धागे,
मधोमध तिळाएवढा ठिपका,
आणि तो ठिपका हलला.
"माय, हे तं चालू हाये!" प्रज्योत म्हणाला,
जशी विहिरीवरची मोटर.
नऊ चालू.
एकात रक्ताची गोल रेघ, बांगडीसारखी,
म्हणजे सुरू होऊन थांबलेलं.
ते उकिरड्यापलीकडे पुरलं.
कोरं त्याच्या बापानं भाजून खाल्लं.

अठराव्या पहाटे टोपलं आडवं.
मुंगसानं तांबडी नेली,
मागे पिसांचा पसारा.
अंडी मात्र नऊच्या नऊ,
अजून कोमट.

कापसाच्या ढिगातून ओंजळभर ओढून
त्यात गुंडाळली, पोटाशी धरून
चुलीपुढे बसले.
तासाभरात तीनदा उठावं लागलं:
दूध उतू गेलं, पोराचा डबा,
दारात मीटर पाहायला आलेला माणूस.
तांबडी दिवसातून एकदाच उठायची,
तेही पळत जाऊन पळत यायची.

तुराट्यांच्या कुडापलीकडून आवाज येत होता,
घोगरा, खुर्र खुर्र.
कवतिकाची काळी खुडूक होती.
कवतिका माझी चुलतजाऊ.
धुऱ्यावरच्या बोरीपायी
दोन वर्षं आमची तोंडं दोन दिशांना.
हळदीकुंकवाला ती असली की मी नाही,
मी असले की ती नाही.

दिवेलागणीला गेले. पदर पुढे केला.
तिनं पदराकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
"रातीच घाला लागते," भिंतीला म्हणाली,
"दिवसा वळखते थे."
अंधार पडेस्तोवर
उंबऱ्याच्या दोन टोकांना दोघी बसून.

मग तिनं बॅटरी लावली.
अठराव्या दिवशी आत काही दिसत नाही,
सगळं काळंभोर, वर टोपीएवढी हवा.
हवेच्या त्या कडेला काही थरथरलं तर जीव.
"हाये."
"हाये."
बराच वेळ काही नाही.
"नाही व."
"हाये."
दोन वर्षांनी तिच्या तोंडून
ऐकलेले शब्द हेच.
सात हाये, दोन नाही.

काळी आठवडाभर एका कांद्यावर बसून होती.
कवतिकानं कांदा काढला, अंडी सारली.
काळीनं एक डोळा उघडला,
चोचीनं शेवटचं अंडं स्वतःच आत ओढलं
आणि डोळा मिटला.
"अर्धेलीनं," दाराशी कवतिका म्हणाली.
"अर्धेलीनं," मी म्हणाले.

एकविसाव्या दिवशी सहा निघाली.
सातवं दुसऱ्या दुपारपर्यंत तसंच, ना तडा ना टकटक.
कवतिकानं ते कोमट पाण्याच्या गंजात सोडलं.
पाणी थांबलं.
अंडंही थांबलं.
आणि एकाएकी डुललं,
कुणी आतून कूस बदलावी तसं.
आमची डोकी गंजावर इतकी वाकली होती
की कपाळाला कपाळ लागलं.
"सरक व जराशी," ती म्हणाली.
मी सरकले नाही.

तीन माझी, तीन तिची.
सातवं कुडाच्या फटीतून ये-जा करतं,
दोन्ही घरच्या कण्या खातं.
बोरीचं अजून काही ठरलेलं नाही.