पेन्सिलीची किंमत

बुधवारी आणि शनिवारी, चार ते सात,
मी दांडिया बाजारातल्या त्या दुकानात बसते,
पंक्चरवाल्याच्या मागे, तीन पायऱ्या खाली,
जिथं जुनी पुस्तकं आधी ऊन खातात, मग कपाटात जातात.
पगार नाही. चहा मिळतो,
आणि धूळ हवी तेवढी.

माझं काम किंमत घालायचं.
पहिलं पान, उजवा कोपरा, पेन्सिलीनं.
शाई नको, मनहरभाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं,
किंमत खोडता आली पाहिजे.
बँकेत बत्तीस वर्षं शाईत काढलेली मी.
जरा जडच गेलं.

कारेलीबागेतून खोकी येतात.
कॅनडातून कुणाचा मुलगा फोनवर सांगतो,
सगळंच घेऊन जा मावशी, आई गेली, आता कोण वाचणार.
त्यातली मराठी मी वेगळी काढते.
खपत नाहीत ती.
खालच्या फळीवर एकमेकांना टेकून बसतात,
लग्नघरी फार लवकर पोचलेल्या पाहुण्यांसारखी.
मनहरभाई दर दिवाळीला म्हणतात, ही पस्तीत देऊ.
मी म्हणते, तुळशीचं लग्न होऊ दे.
मग होळी येते.

गाइडं खपतात. त्या पैशांवर मागची खोली चालते:
एक फळा, खडू, दोन ट्यूबलाइट, त्यातली एक फडफडणारी.
साडेपाचला बायका येतात,
कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या पिशवीत मेथी,
आणि नवायार्डातली जशीबेन, जी पस्ती निवडते.
दुकानातली निम्मी पुस्तकं तिनंच आणलेली,
एक अक्षर येत नव्हतं तेव्हापासून.
मी एकदा विचारलं, कुठलं वाचवायचं ते ठरवतेस कसं?
म्हणाली, ज्याच्या कडा बोटांनी काळ्या झाल्यात ते.
कोरं असेल ते तराजूत.

परवा शिकवणारी मुलगी आली नाही.
फळ्यावर मी शब्द लिहिला: वतन.
आमच्यात वतन म्हणजे सनद, जमीन, तीन पिढ्यांचं भांडण.
त्यांच्यात वतन म्हणजे फक्त गाव.
लिहून झालं, आणि सवयीनं
हात वरून रेघ ओढून गेला.
बायका हसल्या.
बेन, आ दोरी शेनी? कपडे वाळवायचे?
जशीबेन उठली. डस्टर शोधलं नाही तिनं,
अंगठ्यानंच रेघ पुसली, डावीकडून उजवीकडे.
तीनही अक्षरं जागच्या जागी राहिली.
मला उगीच वाटलं होतं, खाली पडतील.

मग तो पांढरा अंगठा तिनं माझ्यासमोर धरला.
ओळखला? फतेपुरा ब्रँच. विधवा पेन्शन.
तुम्ही असा धरायचात, असा फिरवायचात.

नाही ओळखला.
मला आठवलं ते जांभळं पॅड, ते फडकं,
दुपारी दोनदा साबणानं धुतलेले माझे हात.
ठसा नीट उमटला की नाही एवढंच मी पाहायची.
त्याच्या मागे मनगट असायचं, बांगडी असायची किंवा नसायची,
वर कुठंतरी चेहराही असणार.

ती काही रागावलेली नव्हती.
मेथीवाली म्हणाली, पुढचा शब्द घ्या.

शनिवारी जशीबेन सातला पाच कमी असताना आली.
खालच्या फळीपाशी उकिडवी बसली
आणि एक लोणच्यांचं पुस्तक उपसलं,
बांधणी सुटलेलं, कडा तेलानं काळ्या.
हे मराठी आहे गं, मी म्हटलं.
माहीत आहे. दोरीच्या खाली बघितलं, तर न आहे, म आहे, त आहे.
बाकीची कोण ती विचारीन.

पहिलं पान उघडून तिनं कोपरा वाचला,
ओठ हलवत, एकेक आकडा.
पंधरा.
मग माझ्याकडे पाहून:
एवढ्याशाला? दहा.

बत्तीस वर्षांत काउंटरपलीकडून
माझ्याशी कुणी घासाघीस केली नव्हती.
मनहरभाई खोकले.
मी खोडरबर शोधायला लागले.