चौदा, बावीस, एकतीस

ईरी शहरात, तळ्यावरच्या वाऱ्याला पाठ देऊन
मी खांबांवर चढायचो, सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात.
बोटाएवढी पितळी नळी तारेत पिळून बसवली
की त्या घरातल्या सिनेमाच्या चिंध्या व्हायच्या,
आवाज मात्र स्वच्छ.
पैसे न भरणाऱ्यांना आम्ही एवढंच देत होतो:
भिंतीपलीकडचं ऐकू येतं, तेवढं.

ऑफिसात व्हर्ना स्टोल्ट्झ, पंचावन्नची, चष्मा साखळीला.
महिन्याच्या पुस्तिकेत सिनेमाच्या नावापुढे
बारीक टायपात तीच लिहायची:
थोडी नग्नता. शिवीगाळ. हिंसा. प्रौढ विषय.
प्रौढ विषय म्हणजे नक्की काय, मी एकदा विचारलं.
"ज्यात कुणी कपडे काढत नाही,
तरी पोरं झोपल्यावरच बघावंसं वाटतं, ते."

तीन चॅनेल, तीन तऱ्हा.
चौदा सोवळ्यातलं. रात्री आठच्या आत
रक्त नाही, मांडी नाही, आणि ठोका पडला की सगळंच,
जणू घड्याळच त्या घरातला बाप.
बावीसला आडपडदा ठाऊक नव्हता.
शाळेच्या बस परतायच्या वेळेला
तिथे खुशाल कुणीतरी कुणाच्या तरी अंथरुणात.
आम्ही कापत नाही, हा त्यांचा बाणा.
एकतीस कापायचं, पण सांगायचं नाही.
दार लागायचं, दार उघडायचं,
मधली चार मिनिटं गायब
आणि नायिकेच्या केसांतली पिन दुसऱ्याच बाजूला.
व्हर्ना त्याला सभ्य चोर म्हणायची.

मिसेस प्रझिबिल्स्कींचा सोमवारी फोन:
माझ्या नातवानं बावीसवर काय काय पाहिलं, लाज आहे का?
गुरुवारी पुन्हा त्याच, आवाज खाली:
एकतीसवर मधलं काही कळलं नाही,
काय होतं तिथे, सांगता का?

मी कुलपाच्या पेट्याही बसवायचो. किल्ल्या
पिठाच्या डब्यात, बायबलच्या मागे,
एकीनं तर गोठवलेल्या मटारच्या पिशवीत ठेवली होती.
पोरांना सगळ्या जागा पाठ.

फेब्रुवारीत एकच सिनेमा तिन्हींवर लागला.
नाव विसरलो. खाणीतून निवृत्त झालेला म्हातारा,
त्याची बायको त्याला टबात बसवून अंघोळ घालते.
सात मिनिटं. संवाद नाही. तांब्याचा नाही, मगाचा आवाज,
पाणी खांद्यावरून परत पाण्यात.
चौदानं तो रात्री साडेअकराला ढकलला.
बावीसनं दुपारी चारला लावला, कारंजाच्या जाहिरातीनंतर.
एकतीसवर म्हातारी टॉवेल उचलते
आणि थेट दफनभूमी.

पगाराचा चेक घ्यायला गेलो, तर टाइपरायटरमध्ये
मार्चचा कागद, त्या नावापुढची जागा कोरी.
व्हर्नाच्या बाह्या कोपरापर्यंत वर,
बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली.
तिच्या हार्लनला ऑक्टोबरात झटका आला होता.
ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं,
म्हणून कुणी विचारत नव्हतं.
"तिन्ही पाहिले," ती म्हणाली. "याला कुठला शब्द लावू?
मी हे रोज सकाळी सहाला करते."
मी सव्वीस वर्षांचा. खिशात पितळी नळ्या,
त्या चाचपत उभा राहिलो.

मार्चची पुस्तिका छापून आली.
बाकी सगळीकडे नेहमीचं. त्या एका नावापुढे
तिनं लिहिलं होतं: अंघोळ.

साहेब भडकले, ही कसली सूचना?
चूक झाली, व्हर्ना म्हणाली,
आणि एप्रिलमध्ये तिथे थोडी नग्नता परत आली.

पण त्याआधी, मार्चमधल्याच एका दुपारी
मी तिथेच होतो, बुटांचा बर्फ झाडत,
तेव्हा मिसेस प्रझिबिल्स्कींचा फोन आला.
अंघोळ म्हणजे काय आहे त्यात?
नातवाला बघू देऊ का?

व्हर्नानं रिसीव्हर खांद्यात धरला,
बराच वेळ खिडकीबाहेरच्या ट्रककडे पाहिलं.
"देऊ द्या," ती म्हणाली.
"फक्त त्याच्या शेजारी बसा."