सनकोबाईचा घाणा

कोरचीच्या रस्त्याला सनको उसेंडीने
टोरीच्या तेलाचा घाणा टाकला
तेव्हा मी हसलो होतो.
पंक्चरवाला मी, मला काय तेल!

आधी टोरी ट्रकातून जायची,
बदल्यात मापाला माप मीठ.
त्या ट्रकाचं चाक
माझ्या दारात कधी बसलं नाही.

आता सायकली येतात,
कॅरिअरवर पोतं, मागचा टायर चपटा.
ढेप कोहळ्यांच्या बांधीत पडते.
अंगणवाडीची कवेलू यंदा
अर्ज न करता बदलली.

सनको हिशेब करते मोठ्याने, गोंडीत,
पोराला पुढ्यात बसवून.

काल ठिगळं मोजताना
माझ्याच तोंडून निघालं:
उंदी, रेंड, मूंद...
चौथं आठवेना.
रस्ता ओलांडून विचारायला गेलो,
बोलत बसलो,
इकडे गिऱ्हाईक पंप शोधत होतं.