बिनडागाची नळी

गुजरीत, दुसऱ्या मजल्यावर, आठ बाय बाराच्या खोलीत
दाजिबा वेदपाठकांनी पंखा कधी लावलाच नाही.
पंख्यानं ज्योत हलते.
कीस उडतो, आणि उडाला तो गेला.
चाळीस उन्हाळे बनियन भिजवत बसले
साजाची पानं जोडत.

यंदा मार्चात धाकट्या श्रीधरनं
दीड टनाचं मशीन आणलं,
आणि मला फोन केला.

मशीन भिंतीवर, बाहेरचा डबा गच्चीवर.
टेप धरला: चौकटीवरून, मोरीच्या पाइपाकडेनं,
पत्र्याला वळसा घालून
सतरा फूट.
खोक्यातली नळी दहा फुटांची.

"जोडा की सात फूट," श्रीधर म्हणाला,
"खालच्या दुकानातली जुनी पडलीय माळ्यावर."
म्हटलं, जुनी नको. तिच्या पोटात
जुन्या गॅसचं तेल बसलंय.
नवा गॅस जोराचा, नळीला छाती लागते.

त्यानं मोबाईल पुढं केला. "मग ही? निम्म्यात."
चित्रात तांबूस दिसत होती.
मी पिशवीतनं तसलाच एक तुकडा काढला,
रुईकर कॉलनीत एकाकडनं उतरवलेला.
दाजिबांनी तो तळहातावर तोलला.
बोलले काही नाहीत.
कसोटी ओढली, घासला.
वरचा रंग निघाला, दगडावर राखाडी रेघ.
शेजारी माझ्या नळीची रेघ:
लाल, ओली वाटावी अशी.

"मुलामा," म्हणाले,
शिवी हासडावी तसं.

अल्युमिनियम वाईट न्हवं ओ काका,
नावानिशी विकलं तर.
ह्यानं तांब्याचं सोंग घेतलंय.

मग त्यांनी स्वतःचं माप काढून
माझ्या नळीची कड मोजली. पॉइंट आठ.
मान हलवली.
"आणि दोन कशाला?"
बारकी दोन सूत, जाडी चार सूत.
बारकीतनं गॅस पातळ होऊन आत येतो,
जाडीतनं खोलीची धग घेऊन परत जातो.
दोघींना काळी बंडी वेगवेगळी.
एकाच कोटात कोंबल्या की
जाणारी येणारीला भाजते.

"आणि ते सात फूट?"
जमतं की, म्हटलं, पण मधे डाग येतो.

बोललो, आणि कुठं बसलोय ते आठवलं.
डाग म्हणजे त्यांच्याकडं जोड.
डाग म्हणजे दागिना.
डाग म्हणजे माझ्या अम्मीनं
माझ्या आयटीआयच्या फीसाठी मोडला तो.

दाजिबा हसले. "माझं पोट डागावर,
आणि तू बिनडागाची मागतोस व्हय?"
मग ज्योत बारीक केली.
"माझा डाग सुटला तर बाई परत येते, भांडते.
तुझा सुटला तर?"
कळत नाही, म्हटलं.
हवा येत राहते, नुसती गार लागत नाही.
एप्रिलच्या अखेरीला.

"एकसंध आण."

लक्ष्मीपुरीतनं एकोणीस फूट आणली,
दोन वळणांना.
जिन्यात उलगडली, वळणावर स्प्रिंग घालून
अंगठ्यानं हळू दाबत नेली.
तांबं एकदा चिमटलं की आयुष्यभर आठवण ठेवतं.
तोंड जमिनीकडं धरून खरवडलं,
कीस आत जाऊ नये म्हणून.
लाल कीस फरशीवर सांडला.

मी फुंकणार, तेवढ्यात दाजिबांनी हात धरला.
कुंचल्यानं गोळा केला, कणन् कण,
आणि डाग बांधतात त्या गुलाबी कागदात
पुडी बांधून माझ्या खिशात घातली.
"हे तुझं."

दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावला. बुडबुडा नाही.
मशीन चालू. पाती वर केली, छताकडं.
श्रीधर रिमोट बघत होता.
दाजिबा ज्योत बघत होते.
ती एकदा दचकली,
मग समईतल्यासारखी उभी.

निघताना जिन्यापर्यंत आले.
"जाळी धुवायला येशील न्हवं?
पाणी ओतू नकोस.
बादलीसकट मला दे."

पुडी अजून पिशवीत आहे,
फ्लेअरच्या साच्याखाली.