ठराव क्रमांक अकरा

जूनची एक तारीख. टँकर एक दिवसाआड,
तोही आला तर.
ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर बर्फाचे डोंगर,
बोरखेडीत पारा शेहेचाळीसवर.
निम्मी माणसं बर्फ बघायलाच येऊन बसतात,
तोफ उडाली की पोट्टे शिट्ट्या मारतात.

मी अंगणवाडीची. अक्षर बरं,
म्हणून सभेचं रजिस्टर माझ्याकडे.
सरपंच पंचफुला ढोके, महिला राखीव.
खुर्चीला मात्र दामोधरभाऊंच्या पाठीची सवय.
ती बाजूच्या बाकावर, पदर कपाळापर्यंत.
सही करताना जीभ दातांत धरते,
पं काढते, थांबते, मग च.

तिची विशाखा तिकडे आहे,
सैन्याच्या दवाखान्यात, खांद्यावर दोन तारे.
जिल्ह्याहून छापील तक्ता आला:
वीरपिता, वीरमाता, वीरपत्नी.
विचारलं, विशाखाला कुठं लिहू?
"नर्स का सोल्जर असते, मॅडम?" उपसरपंच हसले.
"सुया टोचते ते. पोट्टी सुखरूप हाय, हेच बरं."

तिचं पत्र मीच वाचून दाखवलं होतं, चुलीजवळ:
"आई, हेलिकॉप्टर उतरलं की आम्ही आधी बूट कापतो.
बर्फानं बूट पायाला धरून बसलेला असतो.
काल एक पोरगा, मिसरूडही न फुटलेला,
म्हणाला, सिस्टर, घरी लिहा, पाय ठीक आहे.
मी लिहिलं.
कोणता पाय, ते नाही लिहिलं.
आपल्याकडे नळ आला का?"

पंचफुला त्या शेवटच्या ओळीला हसली,
आणि चुलीत फुंकत राहिली,
जाळ चांगला धरलेला असूनही.

सभेपुढे विषय एकच: जवानांसाठी कमान.
सिमेंटची, वेशीवर, खाली सदस्यांची नावं कोरून.
पैसा पाणीपुरवठ्याच्या खात्यातून.
देशाचं काम, नाही कोण म्हणेल?
दामोधरभाऊंनी मान हलवली,
म्हणजे सरपंचांनी हलवली.
मी लिहायला घेतलं: सर्वानुमते

"थांब वं."

"पैसा पान्याचा हाय, पान्यालेच लागन.
कमानीखालून रिकामा हंडा रिकामाच येते."
"वहिनी, लढाई सुरू हाय! लोक काय म्हनतीन?"
"लढाईचं मले पत्र येते, भाऊ.
तुमाले टीव्ही येते."

कूलरमधलं पाणी कधीच संपलं होतं,
नुसता पंखा फिरत होता.

ठराव क्रमांक अकरा: विहिरीचा गाळ काढणे, मोटर दुरुस्ती.
सूचक: पंचफुला दामोधर ढोके.
अनुमोदक:
मी पेन धरून बसले.
दामोधरभाऊ खुर्चीखाली चपला शोधायला लागले.

भिंतीकडून मैनाबाई कुमरे,
चार वर्षं दाखवतील तिथं अंगठा देणारी,
घरी कुरडया अर्ध्या टाकून आलेली.
तिचा हात वर गेला,
गव्हाचा चीक कोपरापर्यंत वाळून पांढरा.

मग आणखी एक बाई.
चौथा हात पुरुषाचा. नाव रजिस्टरात आहे,
इथं लिहीत नाही, त्याला त्याच गल्लीत राहायचं आहे.

तक्त्यात मी पट्टीनं एक रकाना वाढवला,
वर लिहिलं: स्वतः.
खाली विशाखा ढोके.
तक्ता परत आला, "नमुन्याप्रमाणे भरावा."
तसाच पुन्हा पाठवला.

रात्री पंचफुला सांगत गेली, मी लिहीत गेले:
"नळ नाही आला. येईन.
कुरडया पाठवतो, तिकडं तळाले तेल भेटते का?
तुहा बाप दोन दिवसापासून बोलत नाही, जेवते मात्र.
एक सांग. टाके घालताना तुहा हात हालत नाही म्हन्तात.
कसा नाही हालत?"

मग माझ्या हातून पेन घेतलं,
जीभ दातांत धरली.
पं. च.
तेवढ्यात डेपोची मालगाडी पुलगावकडे निघाली,
फळीवरची भांडी वाजायला लागली, कंदील हलला.
तिनं पेन उचलून धरलं,
शेवटचा डबा जाईपर्यंत वाट पाहिली,
आणि मग
फु काढला, ला काढला.